हाडांची विचारपूस

८ सप्टेंबर हा जागतिक सिस्टिक फायब्रोसिस दिन. १९८९ साली याच तारखेच्या ‘सायन्स’ साप्ताहिकात टोरांटोचे लॅप-ची त्सुई व जॅक रिऑर्डन आणि मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांनी या आजारामागचे जनुक सातव्या गुणसूत्रावर सापडल्याचे जाहीर केले, त्याची ही आठवण. जिथे कुठे हा दिवस पाळला जातो तिथे फुप्फुसांविषयी बोलले जाते, नव्या गोळ्यांविषयी आणि त्यांच्या डोळे पांढरे करणाऱ्या किमतींविषयी बोलले जाते. ते बोलायलाच हवे. पण या मुलांच्या जाडजूड फायलींत एक पान बहुधा कोरेच राहते, ते हाडांचे. या दिवसाच्या निमित्ताने त्या पानाविषयी.

ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. पेशीतून क्लोराइडला वाट देणारे एक प्रथिन या मुलांत तयारच होत नाही किंवा नीट काम करत नाही. सदोष जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असते. दोघेही स्वतः ठणठणीत असतात, त्यामुळे घरात कुणाला शंकाही येत नाही. परिणाम असा, की छातीतला कफ चिकट होऊन अडकून बसतो आणि स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबून पाचकरस आतड्यात पोचत नाहीत. खाल्लेले तेलतूप तसेच शौचावाटे बाहेर पडते. घाम कमालीचा खारट होतो. ‘पापा घेतला की ओठाला मीठ लागतं’ ही आयांची तक्रार कित्येकदा डॉक्टरांच्या निदानाच्या आधीची असते. डोरोथी अँडरसन यांनी १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या बाल-रुग्णालयात शवविच्छेदने करता करता हा आजार वेगळा ओळखला. पुढे १९४८ च्या उन्हाळ्यात त्याच शहरात उष्णतेची लाट आली, तेव्हा मलूल होऊन दाखल झालेल्या मुलांत हीच मुले जास्त दिसली. त्या निरीक्षणाचा माग काढत पॉल दी सँताग्नीझ यांनी १९५३ मध्ये घामातले जादा मीठ सिद्ध केले. घामाची तपासणी आजही निदानाचा पाया आहे.

त्या काळी ही मुले शाळेचे तोंड पाहण्याआधीच जात. हाडांचा विचार करायला कुणाला सवडच नव्हती आणि गरजही भासत नव्हती. आज अमेरिकेत या आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांनी अठरा वर्षे ओलांडली आहेत आणि तिथे आता जन्मणाऱ्या मुलांचे अपेक्षित आयुर्मान पन्नाशीच्या पुढे गेले आहे. माणसे नोकऱ्या करू लागली, लग्ने करू लागली, आणि विशी-पंचविशीत त्यांच्या बरगड्या खोकता खोकता मोडू लागल्या. प्रौढ रुग्णांवरचे अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे २४ टक्के जणांना ऑस्टिओपोरोसिस म्हणजे अस्थिविरळता आढळली. आणखी ३८ टक्के त्याच्या अलीकडच्या पायरीवर होते. सुमारे १४ टक्के जणांच्या पाठीचे मणके दबलेले होते. हे आकडे आजीबाईंचे नाहीत, तरण्याताठ्या माणसांचे आहेत.

कारण शोधायला गेले तर एक सापडत नाही, पाच-सात सापडतात, आणि सगळी मिळून एकाच हाडावर येतात. चरबी पचत नाही म्हणून चरबीत विरघळणारी ड आणि के ही जीवनसत्त्वे अंगी लागत नाहीत. ‘ड’ नाही म्हणून कॅल्शियम शोषले जात नाही. छातीतला जंतुसंसर्ग वर्षानुवर्षे धुमसत राहतो आणि त्या दाहातून निघणारी रसायने हाड झिजवणाऱ्या पेशींना चेव आणतात. वजन भरत नाही. वयात येणे लांबते, म्हणजे हाडे भरण्याच्या ऐन वर्षांत संप्रेरकांची साथ मिळत नाही. पुढे अनेकांना मधुमेह होतो. फुप्फुसांत बुरशीची अ‍ॅलर्जी उद्भवली तर महिनोन्‌महिने स्टेरॉइड घ्यावे लागते. शिवाय ते सदोष प्रथिन हाड बांधणाऱ्या पेशींतही असते, म्हणजे मूळ दोषाचा हाडाशी थेट संबंधही असावा.

आपल्याकडे यात एका कारणाची भर पडते, तीही आपल्या हाताने. सततचा खोकला, वजन वाढत नाही, छातीच्या एक्स-रेवर डाग, एवढे पाहिले की आपल्या मनात पहिला येतो तो टीबी. सिस्टिक फायब्रोसिसची कित्येक भारतीय मुले खरे निदान होण्याआधी टीबीची औषधे घेऊन बसलेली असतात. त्या औषधांतले रिफॅम्पिसिन यकृतातील विकरांना जोर देऊन शरीरातले ड जीवनसत्त्व आणखी लवकर संपवते. म्हणजे रोगाने जे लुटले त्यावर चुकीच्या निदानाचा वरकड.

हाडे विरळ झाली तर बिघडते काय, असा प्रश्न फुप्फुसांच्या काळजीने आधीच वाकलेल्या आईबापांना पडू शकतो. पण या आजारात हाड आणि फुप्फुस वेगळे काढता येत नाहीत. मुलाचा दिवस सुरू होतो तो छाती मोकळी करण्यापासून. वाफारा, मग पाठीवर थापट्या, मग जोर लावून खोकणे. बरगडी तडकली किंवा मणका दबला की तो जोर लावता येत नाही. मूल दुखते म्हणून खोकला दाबते, कफ आत राहतो, आठवड्याभरात ताप येतो आणि फुप्फुसाचा आणखी एक कोपरा निकामी होतो. पाठीला पोक आले की छातीच्या पिंजऱ्यातली जागाच कमी होते. आणि फुप्फुस प्रत्यारोपणाची वेळ आलीच, तर अतिविरळ हाडे असलेल्या रुग्णाला स्वीकारताना शल्यचिकित्सक बिचकतात, कारण प्रत्यारोपणानंतरच्या औषधांत पुन्हा स्टेरॉइड असतेच.

म्हणूनच अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २००५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: अठरा वर्षांवरील प्रत्येक रुग्णाची हाडांची घनता डेक्सा यंत्रावर मोजा, आठ वर्षांवरील मुलांत वजन फार कमी असेल, फुप्फुसांची ताकद निम्म्यावर आली असेल, वर्षातले तीन महिने किंवा जास्त काळ स्टेरॉइड चालले असेल, वयात येणे लांबले असेल किंवा आधी हाड मोडले असेल, तर तेव्हाच मोजा. निकाल चांगला असेल तर पाच वर्षांनी पुन्हा, मधला असेल तर दोन ते चार वर्षांनी, वाईट असेल तर दरवर्षी. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये आणखी पुढे जाऊन आठ ते दहाव्या वर्षीच पहिली मोजणी करावी असे सुचवले. आम्हाला युरोपाचा सल्ला अधिक पटतो. पावसाळ्याआधी कणगी भरून ठेवावी तसे हाड विशीपर्यंत भरून घ्यायचे असते. अठराव्या वर्षी पहिल्यांदा मोजून कळते ते एवढेच, की भरायचे दिवस सरत आले.

तपासणी स्वतः अगदी साधी आहे. सुई नाही, बोगदा नाही. मूल उघड्या टेबलावर उताणे झोपते, कमरेचा मणका मोजताना पोटऱ्यांखाली फोमचा ठोकळा ठेवून पाय वर घेतात, आणि यंत्राचा हात वरून सावकाश सरकत जातो. पँटचे धातूचे बटण, कमरेचा करगोटा, ताईत काढून ठेवावे लागतात. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घ्यायची नाही; न विरघळलेली गोळी पोटात असली की तीच हाडाच्या हिशेबात धरली जाते. दहा-पंधरा मिनिटांत काम होते आणि क्ष-किरण छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी पडतात.

अवघड आहे ते रिपोर्टाचे वाचन. आपल्या शहरांतली बहुतेक डेक्सा यंत्रे दिवसभर पन्नाशी-साठीच्या बायकांची हाडे मोजतात. त्यांच्या रिपोर्टवर टी-स्कोअर छापलेला असतो, म्हणजे निरोगी तरुण प्रौढाच्या तुलनेत तुमचे हाड किती कमी. नऊ वर्षांच्या मुलाची तुलना पंचविशीतल्या माणसाशी केली तर उत्तर लाल पट्ट्यातच येणार. मुलाला त्याच्या वयाच्या मुलांशी ताडून पाहणारा झेड-स्कोअर हवा. त्यातही मेख आहे. हे यंत्र हाडाची जाडी पाहत नाही, वरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर हिशेब करते. त्यामुळे लहान चणीच्या मुलाचे चांगले हाडही विरळ दिसते. सिस्टिक फायब्रोसिसची मुले बहुधा बुटकी असतात. उंचीचा हिशेब न धरता दिलेला रिपोर्ट घेऊन घरी गेलेल्या आईची झोप विनाकारण उडते, किंवा मुलाला नको असलेली औषधे सुरू होतात. मुलांत नुसत्या आकड्यावरून ऑस्टिओपोरोसिसचे निदान करू नये, मोडलेल्या हाडांचा इतिहासही पाहावा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो आपल्या किती केंद्रांत पाळला जातो, याची विचारणा पालकांनी अवश्य करावी.

इथे पुण्याचे नाव अभिमानाने घ्यायला हवे. भारतीय मुलांची हाडे गोऱ्या मुलांच्या तक्त्यांवर मोजू नयेत म्हणून जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी भारतीय मुलांच्या हाडांचे संदर्भ-आकडे तयार केले. घरचे माप तयार आहे. रेडिओलॉजी केंद्रांनी ते वापरायचे तेवढे बाकी आहे.

आणि एक सावधगिरीची सूचना. सोसायटीच्या आवारात किंवा औषधांच्या दुकानाबाहेर ‘हाडांची मोफत तपासणी’ असा फलक लावून जी शिबिरे भरतात, तिथे टाचेला जेल लावून अल्ट्रासाउंड करतात, हिरवी-पिवळी-लाल चिठ्ठी हातात देतात आणि पाठोपाठ कॅल्शियमची बाटली. ती तपासणी डेक्साची जागा घेऊ शकत नाही. या मुलांना तिथे नेऊन रांगेत उभे करू नये.

मोजल्यावर करायचे काय? पहिले काम स्वयंपाकघरातले आणि औषधांच्या वेळापत्रकाचे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आता घरोघरी माहीत आहे. निरोगी माणसाने ती दुधातून घेतली की भागते. या मुलाने ती पाचक विकरांच्या कॅप्सूलसोबत, चांगल्या तुपकट जेवणाबरोबर घेतली नाही तर ती बरीचशी वाया जाते. हे पुडीवर छापलेले नसते आणि घाईच्या ओपीडीत सांगायचे राहून जाते. रक्तातले प्रमाण ३० नॅनोग्रॅमच्या वर राहिले पाहिजे आणि त्यासाठी ते वर्षातून एकदा तपासले पाहिजे. कॅल्शियम शाळकरी वयात रोज १३०० मिलिग्रॅमच्या घरात लागते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळते. उरलेले दूध, दही, तीळ यांतून भरून काढायचे. या मुलांच्या ताटात तूप, लोणी, शेंगदाणे आणि वरून मीठ सढळ हाताने वाढावे लागते, आणि ‘पोराला एवढं तेलकट-खारट कशाला’ असे म्हणणारी एखादी काकू-मावशी प्रत्येक घरात असतेच. तिला एकदा समोर बसवून समजावून सांगावे. तीच गोष्ट खेळाची. दम लागेल म्हणून मुलाला बाकावर बसवून ठेवण्याने हाडांचे नुकसान होते. झेपेल तितकी धावपळ, दोरीवरच्या उड्या, लंगडी हवीच. एवढे करूनही हाडे मोडत राहिली तर बिस्फॉस्फोनेट गटातली औषधे आहेत. शिरेतून दिल्यावर या रुग्णांत ती कधी कधी विलक्षण हाडदुखी आणि ताप आणतात. तो निर्णय जाणत्या तज्ज्ञाचाच.

‘एवढ्या दुर्मीळ आजारासाठी एवढा खटाटोप?’ असे विचारणारे भेटतात. हा आजार भारतात नाहीच, असे एके काळी आपल्या वैद्यकातही मानले जाई. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. सुशील काबरा यांच्यासारख्यांनी घामाची तपासणी नेटाने चालवली आणि रुग्ण दिसू लागले. नेमके किती आहेत, याचे अंदाज दहा हजार जन्मांत एक ते एक लाखात एक इतके दूरदूरचे आहेत. पण जन्मांच्या आपल्या संख्येला कमीत कमी अंदाज लावला तरी दरवर्षी दोनशेहून अधिक मुले निघतात. अमेरिकेत २०१९ मध्ये तीन औषधांची एकत्रित गोळी आली, ती तेव्हा तिथे वर्षाला सुमारे तीन लाख डॉलरची होती. आपल्याकडील मुलांत ती लागू पडणारा जनुकदोष पाश्चात्त्यांपेक्षा कमी आढळतो. म्हणजे ज्या चमत्काराने तिकडचे आयुष्य वाढले तो इथल्या अनेकांसाठी नाही. इथल्या मुलांचे वय वाढेल ते आहार, विकरे, प्रतिजैविके आणि वेळेवरच्या तपासण्यांच्या जोरावरच. डेक्साचा खर्च त्या गोळीच्या एका दिवसाच्या खर्चापुढेही किरकोळ आहे.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसचा समावेश आहे, तो स्वादुपिंडाच्या विकरांच्या उपचारासह. उत्कृष्टता केंद्रांमार्फत रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे. आमची मागणी मोठी नाही. विकरांच्या कॅप्सूल देताना वर्षातून एकदा ड जीवनसत्त्वाची तपासणी आणि आठव्या-दहाव्या वर्षापासून ठरावीक अंतराने डेक्सा, उंचीचा हिशेब धरून आणि भारतीय मापावर, हेही त्याच मदतीत बसवावे. बालरोगतज्ज्ञांनी पुढच्या भेटीत छातीला स्टेथोस्कोप लावून झाल्यावर पाठीच्या कण्यावरून एकदा बोट फिरवावे आणि ‘खोकताना कुठे दुखतं का रे?’ एवढे विचारावे. आणि पालकहो, त्यांनी नाही विचारले, तर तुम्ही सांगा.