तयारी देहाची आणि घराचीही

समाजाची कसोटी सभा-संमेलनांत लागत नाही. बंद दाराआड, चार माणसांच्या घरात, कुणाचीही अपेक्षा नसलेला प्रश्न उभा राहतो तेव्हा ती लागते. वयात आलेले अपत्य एके दिवशी आईवडिलांसमोर बसते आणि सांगते, ‘जन्माने मिळालेला देह माझा वाटत नाही; डॉक्टरांच्या देखरेखीखाली संप्रेरकांचे, म्हणजे हार्मोन्सचे, उपचार सुरू करायचे आहेत.’ सुशिक्षित, संस्कारी म्हणवणाऱ्या किती घरांत हे वाक्य पुरते ऐकून घेतले जाईल?

हा प्रश्न मुंबईच्या उच्चभ्रू वस्त्यांचा आहे, आपल्याकडे असले काही नसते, असे समजण्याचे कारण नाही. तुंगारेश्वराच्या डोंगररांगेलगत, चिंचोटीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कामण हे गाव आहे. शेतीवाडीचे हे गाव आज गोदामे, कारखाने आणि नव्या वस्त्यांच्या रेट्यात सापडले आहे. अशा गावात सारे एकमेकांना ओळखतात आणि म्हणूनच मनातले बोलणे तेथे अधिक अवघड असते. २०११ च्या जनगणनेत ज्यांनी आपली नोंद स्त्री वा पुरुष अशी न करता ‘इतर’ या रकान्यात केली, त्यांची संख्या देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ होती. ही सगळी माणसे कुणाच्या ना कुणाच्या घरातच जन्मली होती.

अशा वेळी घरात काय घडते, ते सर्वांना ठाऊक आहे. आधी मारझोड होते, मग अंगारे-धुपारे होतात. त्यानेही भागले नाही की ‘लग्न करून द्या, सगळे ठीक होईल’ हा हमखास उपाय सुचवला जातो. या उपायाने आपले अपत्य सुधारत नाही, उलट कुणाच्या तरी निरपराध लेकीचे किंवा लेकाचे आयुष्य विनाकारण पणाला लागते. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा अधर्म कुटुंबाच्याच नावाने करावा, याहून मोठी विसंगती कोणती?

घराने दार लावले की पुढची वाट ठरलेली असते. औषधाच्या दुकानातून मैत्रिणीच्या किंवा गुरूच्या सांगण्यावरून गर्भनिरोधक गोळ्या आणल्या जातात आणि लवकर परिणाम दिसावा म्हणून मनाला येईल तितक्या घेतल्या जातात. या गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेनमुळे रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो, आणि धूम्रपान करणाऱ्यांत तो आणखी वाढतो. म्हणूनच या उपचारांत जाणकार डॉक्टर त्या गोळ्या वापरत नाहीत. याच अंधाऱ्या वाटेवर पुढे, कसलीही भूल न देता दाईच्या हातून होणारे ‘निर्वाण’ही आहे. त्यात जिवावर बेतण्याची शक्यता पावलोपावली असते.

देखरेखीखालील उपचार म्हणजे याच्या अगदी उलट मार्ग. तो उतावळेपणाचा नाही, हे आईवडिलांनी मुद्दाम समजून घेतले पाहिजे. पहिली गोळी किंवा पहिले इंजेक्शन येण्याआधी बरेच काही व्हावे लागते. मानसोपचारतज्ज्ञ सविस्तर बोलतात. ही भावना किती काळापासूनची आहे, सोबत नैराश्य किंवा अन्य काही विकार आहे का, निर्णय समजून-उमजून घेतला आहे का, हे ते पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेला मानसिक विकारांच्या यादीतून वगळले आहे. त्यामुळे ही भेट कुणाला वेडा ठरवण्यासाठी नसते, तर त्या व्यक्तीचे पाऊल खंबीर आहे ना, हे पाहण्यासाठी असते.

त्यानंतर अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ देहाची तपासणी करतात. रक्तदाब, हिमोग्लोबिन, यकृताचे कार्य, साखर, चरबी आणि संप्रेरकांची मूळ पातळी या साऱ्यांची नोंद होते. घराण्यात कुणाला हृदयविकार, पक्षाघात किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होता का, हे विचारले जाते, आणि याचे उत्तर बहुधा आईलाच ठाऊक असते. तंबाखू आणि सिगारेट सोडण्यास सांगितले जाते. मग सर्वांत नाजूक विषय येतो. या उपचारांनी अपत्यप्राप्तीची क्षमता कमी होऊ शकते, कधी कायमची जाऊही शकते. म्हणून शुक्राणू किंवा स्त्रीबीज गोठवून ठेवायचे का, याचा विचार आधीच करावा लागतो. वंशाचा दिवा हा शब्द ज्या घरात रोज उच्चारला जातो, त्या घराने निदान या बैठकीला तरी गैरहजर राहू नये.

कोणते बदल परतवता येतात आणि कोणते येत नाहीत, हेही आधी सांगितले जाते. टेस्टोस्टेरॉनने जाड झालेला आवाज औषध थांबवले तरी पूर्ववत होत नाही. इस्ट्रोजेनने वाढलेले स्तन आपोआप नाहीसे होत नाहीत. बदल काही महिन्यांत दिसू लागतात आणि पूर्ण होण्यास दोन-तीन वर्षे लागतात. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत रक्त दाट तर होत नाही ना, याकडे विशेष लक्ष असते. कामणमधील तरुणाला यासाठी परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयात जायचे, तर कामण रोड स्थानकावर वसई-दिवा मार्गावरील मोजक्या गाड्यांपैकी एक गाठायची, वसई रोडला लोकल धरायची आणि रांगेत उभे राहायचे. त्यात दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरीही जाते. ही खेप वर्षातून चार वेळा एकट्याने करायची की सोबत वडील किंवा भाऊ असेल, यावर उपचार तडीस जाणार की मध्येच तुटणार, हे पुष्कळदा ठरते.

शासनाने या दिशेने पावले टाकली आहेत. २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचे नागरिकत्वाचे हक्क अधोरेखित केले. २०१९ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यात संप्रेरक उपचार आणि त्याआधीचे व नंतरचे समुपदेशन यांची तरतूद झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये आयुष्मान भारत योजनेअंतर्गत तृतीयपंथीयांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यकवच देण्याचा करार केंद्राने केला. बीड पोलीस दलातील ललित साळवे यांची शस्त्रक्रिया मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या शासकीय रुग्णालयातच झाली. त्यांचे प्रकरण जन्मजात शारीरिक वेगळेपणाचे असल्याने थोडे निराळे होते. पण मराठवाड्याच्या खेड्यातील एक माणूस राजरोस रजा मागून, शासकीय रुग्णालयात, ताठ मानेने उपचार घेऊ शकतो, हे महाराष्ट्राने पाहिले.

येथे एक आक्षेप हमखास येतो. हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे आणि आता तेच मागे फिरत आहेत, असे म्हटले जाते. आक्षेपाचा काही भाग खरा आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या डॉ. हिलरी कॅस यांच्या अहवालाने अल्पवयीनांना दिल्या जाणाऱ्या अशा औषधांमागचा पुरावा तोकडा असल्याचे दाखवले, आणि फिनलंड व स्वीडन यांनी त्याआधीच हात आखडता घेतला होता. कोवळ्या वयात घाई नको, ही भूमिका योग्यच आहे. परंतु तो अहवाल मुले आणि किशोरवयीनांविषयी आहे. विचारपूर्वक निर्णय घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीपुढे तो अहवाल ढालीसारखा धरणे हा प्रामाणिकपणा नव्हे. आणि पाश्चात्त्यांचे औषध नको म्हणणाऱ्यांनी मधुमेहाचे इन्शुलिन कधी नाकारले आहे काय?

राहिला परंपरेचा प्रश्न. शिखंडी आणि बृहन्नडेचे दाखले व्यासपीठावरून देणे सोपे असते. पण विराटाने बृहन्नडेला वेशीबाहेर ठेवले नाही. आपल्या मुलीला, उत्तरेला, नृत्य शिकवण्यासाठी तिला अंतःपुरात नेले. घरातले स्थान आणि विश्वास ही त्या कथेतील खरी गोष्ट आहे. पुढे हिंदू समाजाने या माणसांना मान दिला, जोगवा दिला, शुभकार्यात आशीर्वादही घेतले. परंतु हे सारे उंबरठ्यापलीकडून. देवाच्या नावाने दिलेली जागाही घराबाहेरचीच राहिली. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या आईवडिलांनी मात्र त्यांना घराबाहेर काढले नाही. पुढे त्यांच्याच पुढाकाराने किन्नर आखाडा उभा राहिला आणि २०१९ च्या प्रयाग कुंभात जुना आखाड्यासोबत त्याने स्नान केले. ज्याचे घर सुटत नाही, त्याचा समाज आणि धर्मही सुटत नाही, हा या उदाहरणाचा धडा आहे.

बाळासाहेब देवरस यांनी १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेचे कुठलेही समर्थन नाकारले, तेव्हाही अनेकांना ते पचवणे जड गेले होते. जानेवारी २०२३ मध्ये ‘पांचजन्य’ व ‘ऑर्गनायझर’ला दिलेल्या मुलाखतीत सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी, अशी माणसे सदैव होती आणि समाजात त्यांना सन्मानाने स्थान असावे, अशी भूमिका मांडली. वरिष्ठांनी मांडलेली भूमिका वस्तीपर्यंत नेणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. एखाद्या घरात हा प्रश्न उभा राहिला, तर कुजबुज थांबवावी. आईला धीर द्यावा. गोळ्या परस्पर घेऊ नकोस, असे त्या तरुणाला सांगावे आणि रुग्णालयाच्या पहिल्या खेपेला सोबत जावे. याला निधी लागत नाही, मंच लागत नाही.

आईवडिलांना सारे लगेच पटेल, अशी अपेक्षा कुणी करू नये. ज्या नावाने हाक मारली ते नाव सोडताना आईच्या जिवाची कालवाकालव होणारच. तिलाही वेळ आणि समुपदेशन लागते. पण न पटणे वेगळे आणि टाकून देणे वेगळे. देहाची तयारी डॉक्टर करतील. घराची तयारी घरानेच करायची असते, आणि तिची सुरुवात रक्त तपासण्याच्या कितीतरी आधी, ते पहिले वाक्य शांतपणे ऐकून घेण्याने होते.