मीटरच्या पलीकडचा माणूस

वीज ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, हे सर्व पक्षांना मान्य आहे. ती घराघरांत पोहोचविल्याचे श्रेय घेण्यासाठी तर चढाओढ चालते. परंतु घरात आलेली वीज कोणाचा जीव घेणार नाही याची हमी कोणी द्यायची, असे विचारले की सगळेजण मीटरकडे बोट दाखवितात. मीटरच्या अलीकडे कंपनी, पलीकडे ग्राहक आणि त्याचे नशीब! ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की कायद्यात ती तशी नाही, याचाही लोकांना विसर पडला आहे.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत हा प्रश्न उन्हाळ्यात सर्वाधिक उग्र होतो. मे महिन्यात तापीच्या खोऱ्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढे जातो. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या हमालाला, धुळ्याच्या यंत्रमाग कामगाराला किंवा शेतमजुराला कुलर ही हौस म्हणून नको असतो. लहान मूल आणि म्हातारे माणूस जगवायचे तर तो लागतोच. हा कुलर पुष्कळदा गावातच पत्रा कापून घडविलेला असतो. लोखंडी टाकी, तिच्यात पाणी, पाण्यात पंप, खाली ओली जमीन आणि पाणी भरणारी बाई अनवाणी. पंपाच्या वायरचे आवरण कोठे फाटले की सारा पत्रा विजेने भारला जातो. अशा वेळी अर्थिंगची तार हाच पहिला आधार. परंतु भिंतीवरच्या बोर्डाला तिसरे भोक असते, त्याच्यामागे तार नसते. कित्येक कुलरना तर पिनाच दोन असतात.

फ्यूज असल्यावर भीती कसली, असे सुशिक्षित माणसेही विचारतात. हा गैरसमज जीवघेणा आहे. किटकॅटमधील पाच अँपिअरची तार म्हणजे पाच हजार मिलिअँपिअरची तार. माणसाच्या शरीरातून तीस मिलिअँपिअरहून थोडा अधिक प्रवाह काही क्षण वाहिला, तरी हृदयाचे स्पंदन बिघडू शकते. म्हणजे माणूस मरून पडला तरी फ्यूजला त्याची वार्ता नसते. फ्यूज हा वायरिंगचा राखणदार आहे, माणसाचा नव्हे. आणि त्याच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळली की तो वायरिंगचाही उरत नाही. माणसाला वाचविणारे साधन वेगळे आहे. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने पूर्ण परत आला की नाही हे ते सतत पाहते आणि तीस मिलिअँपिअरची तफावत आढळताच, सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडते. दक्षिण आफ्रिकेने हे साधन घरांसाठी १९७० च्या दशकात सक्तीचे केले.

खानदेशात या साधनाची गरज आणखी एका कारणाने मोठी आहे. येथील काळी जमीन उन्हाळ्यात वाळते, भेगाळते आणि पुरलेल्या सळईपासून सुटते. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून वरचेवर पाणी घातले नाही, तर अर्थिंग नावापुरते उरते. कुलर ज्या महिन्यांत अहोरात्र चालतात, नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते. प्यायच्या पाण्यासाठी वणवण करणाऱ्या वस्तीने अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावे, ही अपेक्षा करणाऱ्याने एकदा मे महिन्यात त्या वस्तीत राहून पाहावे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ३३ व्या नियमाने ग्राहकाच्या जागेत, हाताशी येईल अशा ठिकाणी अर्थिंगचे टर्मिनल बसविण्याची आणि ते सुस्थितीत राखण्याची जबाबदारी वीज पुरविणाऱ्यावर टाकली. ४५ व्या नियमाने वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच व्हावे असे ठरविले. ४७ व्या नियमाने नवी जोडणी देण्यापूर्वी पुरवठादाराने घरातील वायरिंगची पाहणी व चाचणी केलीच पाहिजे असा दंडक घातला, तर ४६ व्या नियमाने दर पाच वर्षांच्या आत फेरतपासणी सांगितली. ज्यांच्या घराची अशी पंचवार्षिक तपासणी झाली आहे अशी दहा कुटुंबे जळगावच्या किंवा धुळ्याच्या एखाद्या कामगार वस्तीत शोधून पाहावीत. शोधणारा रिकाम्या हाताने परत येईल. नियम चांगले होते. ते राबविण्यासाठी लागणारी माणसे आणि पैसा सरकारने कधी दिला नाही.

ही उणीव भरून काढायची तर निरीक्षक वाढवायला हवे होते. घडले ते उलटेच. २००३ च्या विद्युत कायद्याने १९१० चा कायदा रद्द झाला, २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे तुकडे होऊन कंपन्या झाल्या आणि २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम आले. त्यांनी अर्थिंगच्या टर्मिनलची जबाबदारी पुरवठादारावर कायम ठेवली, हे खरे. परंतु जोडणीपूर्वीच्या चाचणीत एक छोटासा ‘किंवा’ घुसला. पुरवठादाराने स्वतः चाचणी करावी, किंवा ठेकेदाराच्या सहीचा अहवाल स्वीकारावा! हा ‘किंवा’ निरुपद्रवी दिसतो, परंतु त्याने सार्वजनिक कर्तव्याचे रूपांतर कागदात केले. घर न पाहता झालेली सहीही सहीच असते. पाचशे व्होल्टचा दाब देऊन वायरिंगचा विद्युतरोध किमान एक मेगोहम भरतो की नाही हे पाहिल्याशिवाय तो अहवाल लिहिता येऊ नये. पण ते पाहिले गेले की नाही, हे विचारणारे कोणी नाही.

त्याहून बोचणारी गोष्ट पुढेच आहे. गळती ओळखणारे साधन २०१० च्या विनियमांनी सक्तीचे केले, मात्र २५० व्होल्टपर्यंतच्या दाबावरील पाच किलोवॉटहून कमी भाराच्या जोडण्या त्यातून वगळल्या. म्हणजे ज्याच्या बंगल्यात वातानुकूलन यंत्रे आहेत त्याच्या जिवाची काळजी कायद्याने घेतली. ज्याच्या घरी दोन दिवे, एक पंखा आणि पत्र्याचा कुलर आहे त्याला सूट दिली. कसली सूट? मरणापासून वाचण्याच्या सक्तीतून सूट! २०२३ मध्ये नवे विनियम आले आणि मर्यादा खाली आणली गेली. परंतु लहान भाराला वगळण्याचे तत्त्व मात्र टिकून राहिले. विजेला भार कळत नाही. एका पंपातून निसटलेला प्रवाहही माणूस मारायला पुरतो.

गरिबांसाठी आखलेल्या योजनांतही हीच दृष्टी दिसते. १९८८-८९ ची कुटीर ज्योती, २००५ ची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आणि २०१७ ची सौभाग्य योजना यांमुळे साक्री-शिरपूरच्या आणि चोपडा-यावलच्या आदिवासी पाड्यांना प्रकाश मिळाला. ते काम मोलाचे होते. परंतु अशा योजनांतील घरगुती जोडणी म्हणजे बहुतांशी एक दिवा आणि त्यापुरती वायर. कुटुंब पुढे पंखा घेते, दूरचित्रवाणी घेते, कुलर घेते. त्या एका वायरीला पीळ मारून नव्या वायरी जोडल्या जातात. जोडणीची आकडेवारी दिल्लीला जाते, पीळ मारलेली तार पाड्यावर राहते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांप्रमाणे अलीकडच्या काळात देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मरतात. त्यांत शेतात आणि कामावर मेलेलेही आहेत. परंतु घरातील मृत्यूची बातमी नेहमी एकाच शब्दाने संपते : दुर्दैव. दुर्दैवाची चौकशी कोण करणार?

यावर आक्षेप येतो की, लोक आकडे टाकतात, स्वस्त वायर वापरतात, अडाणी पोरांकडून काम करून घेतात. मग दोष कोणाचा? परवानाधारक माणसाची मजुरी आणि दर्जेदार वायर ज्याच्या आवाक्याबाहेर आहे, तो दुसरे काय करील? उन्हातान्हात शिडीवर चढणारा बिनपरवान्याचा पोरगाही याच व्यवस्थेचा बळी आहे. पहिला धक्का त्यालाच बसतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. हे साधन कुलरपेक्षा स्वस्त आहे. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकाकडून सोळा टक्के विद्युत शुल्क वसूल होते आणि ते राज्याच्या तिजोरीत जाते. त्यातील अल्प हिस्साही पुरेल. शिवाय २०२१ च्या केंद्रीय योजनेपासून दारोदार स्मार्ट मीटर बसविण्यासाठी पैसा उभा राहिलाच ना? वसुलीचे यंत्र बसवायला माणूस दारापर्यंत येतो. त्याच भिंतीवर, त्याच फेरीत, जीव वाचविणारे यंत्र बसवायला मात्र निधी नसतो!

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. लहान भाराची सूट रद्द करावी आणि दुर्बल कुटुंबांच्या जोडणीवर गळती-रोधक साधन सरकारी खर्चाने बसवावे. अर्थिंगचे टर्मिनल प्रत्येक जोडणीपाशी आहे की नाही याची वितरण कंपनीने वस्तीवार यादी जाहीर करावी. चाचणी अहवालावर मोजलेले आकडे असावेत आणि त्याची प्रत घरमालकाला मिळावी. पंचवार्षिक तपासणी कागदावरून वस्तीत यावी. त्यासाठी दोन्ही जिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वायरमन होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांच्या सहकारी संस्था उभ्या करून त्यांना हे काम द्यावे. रोजगार आणि सुरक्षितता यांची अशी सांगड क्वचितच सापडते.

डाव्या चळवळीने दरवाढीविरुद्ध मोर्चे काढले, भारनियमनाविरुद्ध कार्यालयांना घेराव घातले. अर्थिंगसाठी मोर्चा कोणी काढल्याचे ऐकिवात नाही, कारण हा प्रश्न घराच्या आतला मानला गेला. पण कारखान्यातील यंत्राला कठडा नसेल तर मालकाला जाब विचारणारी कामगार संघटना, त्याच कामगाराच्या घरातील बोर्डापाशी गप्प का राहावी? येत्या फाल्गुनात, कुलर माळ्यावरून उतरण्यापूर्वी, जळगाव-धुळ्यातील प्रत्येक शाखेने एक वस्ती निवडावी. सोबत जाणता वायरमन घ्यावा, घरोघरचे तिसरे भोक तपासून घ्यावे आणि जेथे तार नाही त्या घरांची यादी ग्राहक क्रमांकांसह वितरण कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात व विद्युत निरीक्षकाकडे लेखी द्यावी. पोच घ्यायला विसरू नये. त्यानंतर त्या यादीतील एखाद्या घरी अपघात झाला, तर त्याला दुर्दैव म्हणण्याची सोय कोणालाही उरणार नाही.