औंढ्याच्या वाटेवरील हळद

नर्सीस नामदेवरायांस वंदन करून औंढ्यास नागनाथाचे दर्शन घ्यावे व पुढे वसमतेकडे उतरावे. आमच्या मुलखात याहून रम्य वाट नाही, असे आम्हांस वाटते. नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले, ही कथा औंढ्यास आलेला प्रत्येक यात्रेकरू ऐकून जातो. भिंतींवरील कोरीव हत्तीही तो न्याहाळतो. परंतु माघ-फाल्गुनांत त्याच वाटेच्या कडेस शिजविलेली हळद वाळत पडलेली असते, तीकडे पाहून मोटार थांबविणारा विरळा! दोष त्याचा नव्हे. त्यास कोणी सांगितलेच नाही.

वसमत हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तथापि ते नाव मालावर लावण्याचा हक्क अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यासच आहे. ही नोंद आपण केली नाही, तर नावलौकिक आपल्या शेताचा आणि नफा पेढीचा, असेच चालावयाचे. सबब सभासदांनी आपली नोंदणी प्रथम करावी. महाशिवरात्र हळदीच्या हंगामातच येते. त्या यात्रेत सोसायटीने औंढ्यास स्वतःचे दुकान मांडावे, व भाव फलकावर लिहावा. प्रसादाच्या पुडीबरोबर चार हळकुंडे परगावी गेली, तर नागनाथ रागावणार थोडाच?