रस्ता विक्रमी, संशोधन मात्र उधारीचे
वऱ्हाडातील स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण आणि पायाखालची काळी माती

अमरावती, खास प्रतिनिधी - अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेवर डांबरी काँक्रीटचा थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरण्यात आला आणि त्याची गिनेस वर्ल्ड रेकॉर्ड्समध्ये नोंद झाली. ३ जूनच्या सकाळी सुरू झालेले काम ७ जूनच्या सायंकाळी संपले. सातशेवर कामगार, अभियंते व चालक त्यासाठी रात्रंदिवस राबत होते. याआधीचा विक्रम कतारमधील दोहा येथील होता. तो सव्वापंचवीस किलोमीटरचा होता आणि त्याला दहा दिवस लागले होते. वर्षानुवर्षे रखडलेल्या महामार्गावर खड्डे चुकवीत प्रवास करणाऱ्या वऱ्हाडवासीयांना या घटनेचे अप्रूप वाटले असेल तर त्यात नवल नाही.

मात्र विक्रम झाला तो रस्त्याच्या सर्वांत वरच्या थराचा. हा थर वेगाने अंथरणे म्हणजे मिश्रण प्रकल्प, टिपरच्या फेऱ्या आणि पेव्हर यंत्रे यांच्या नियोजनाची कसोटी. त्यात कंत्राटदार व अभियंते पुरेपूर उतरले. रस्ता किती वर्षे सपाट राहणार, याचे उत्तर मात्र त्याखालच्या मातीत असते. अमरावती आणि अकोल्यातील स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण या मातीशी कितपत जोडलेले आहे, हा प्रश्न त्या विक्रमानंतरही फारसा कुणी विचारलेला नाही.

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण ज्या काळ्या जमिनीमुळे रूढ झाली, तीच जमीन अभियंत्याची सर्वांत मोठी डोकेदुखी आहे. बसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट गटातील खनिजांचे प्रमाण मोठे असते. पाणी मिळताच ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात. कपाशीला हा गुण मानवतो, कारण माती ओल धरून ठेवते. इमारतीला आणि रस्त्याला तो मानवत नाही. खेड्यातील घरांच्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या जाणाऱ्या चिरा आणि डांबरी रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या लांबच लांब भेगा, ही या मातीची ओळखीची सही आहे.

या मातीची फुगण्याची प्रवृत्ती मोजण्याची चाचणी अगदी साधी आहे. चाळलेल्या कोरड्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन नमुने काचेच्या दोन मापनपात्रांत टाकायचे. एकात ऊर्ध्वपातित पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पुरेसा वेळ स्थिरावू दिल्यावर दोन्ही पात्रांतील मातीच्या आकारमानातील फरक टक्क्यांत काढायचा. हा निर्देशांक ५० टक्क्यांहून अधिक असेल तर ती माती महामार्गाच्या भरावात वापरू नये, असा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या तांत्रिक विनिर्देशांचा दंडक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१८ च्या संहितेनुसार मोठ्या रस्त्याच्या पायथ्याच्या मातीची प्रभावी भारक्षमता, म्हणजे सीबीआर, किमान ५ टक्के असावी लागते. पाण्यात भिजलेल्या काळ्या मातीचा हा आकडा बहुधा त्याच्या निम्म्यावरच अडकतो. मग जवळपासच्या टेकड्या खरवडून मुरूम आणायचा, नाहीतर चुना, सिमेंट किंवा राख मिसळून माती सुधारायची, एवढेच पर्याय उरतात.

एकाच वर्षी उगवलेली महाविद्यालये

वऱ्हाडात अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा नवी नाही. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर जवळपास दोन दशके फारशी हालचाल नव्हती. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना दारे उघडली आणि १९८३ या एकाच वर्षात बडनेरा, अकोल्याजवळील बाभुळगाव, शेगाव आणि पुसद येथे अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. त्याच वर्षी १ मे रोजी अमरावती विद्यापीठाचीही स्थापना झाली. पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. अकोल्यात कृषी विद्यापीठ १९६९ पासूनच होते. त्याच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात मृदा व जलसंधारण हा विषय स्वतंत्रपणे शिकविला जातो. म्हणजे मातीचा शेतीच्या अंगाने अभ्यास करणारी संस्था अकोल्यात आणि बांधकामाच्या अंगाने अभ्यास करू शकणारी महाविद्यालये अमरावती, बडनेरा, बाभुळगाव आणि शेगावात, अशी मांडणी चार दशकांपासून तयार आहे. दोहोंमध्ये नियमित देवाणघेवाणीचा पूल मात्र बांधला गेलेला नाही.

सन २००० नंतर महाविद्यालयांची संख्या आणखी वाढली आणि दशकभरातच जागा रिकाम्या पडू लागल्या. त्याची झळ स्थापत्य आणि यंत्र या मूळ शाखांना अधिक बसली. देशभर हेच घडत होते. म्हणूनच अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२० पासून काही वर्षे नव्या महाविद्यालयांना मज्जाव केला. २०२४-२५ पासून परिषदेने शाखानिहाय प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादा उठवली. त्याचा लाभ उठवला तो संगणक शाखेने. ज्या संस्थेचे उत्पन्न शुल्कावर अवलंबून आहे, ती संस्था माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नवे त्रिअक्षीय दाबयंत्र घेण्याऐवजी संगणकांची आणखी एक खोली उभारणार, हे ओघानेच आले. यात संस्थाचालकांना दोष देणे सोपे आहे; परंतु पालकही समुपदेशकाला पहिला प्रश्न ‘पॅकेज’चाच विचारतात.

प्रबंध कुणासाठी?

पदव्युत्तर पातळीवर स्थापत्य अभियांत्रिकीत विद्यार्थ्यांचा ओढा संरचना अभियांत्रिकीकडे असतो. कारण उघड आहे. इमारतीचे प्रारूप संगणकावर तयार करता येते, भूकंपाचे भार टाकून निष्कर्ष काढता येतात आणि त्यासाठी उन्हात उभे राहावे लागत नाही. भूतंत्र किंवा जलस्रोत हे विषय घेणाऱ्याला नमुने गोळा करावे लागतात, खड्डे खणावे लागतात, वाहन लागते, मजूर लागतात. ‘गेट’ उत्तीर्ण विद्यार्थ्याला मिळणारी शिष्यवृत्ती वर्षानुवर्षे दरमहा १२,४०० रुपयांवर राहिली. तीत खोलीभाडे आणि खानावळ भागवून शेताशेतांतून नमुने आणायचे म्हटले तर संशोधन पदरमोडीचेच होते.

पीएच.डी.चे चित्र याहून वेगळे नाही. सहयोगी प्राध्यापकपदासाठी ही पदवी अनिवार्य असल्याने संशोधकांपैकी पुष्कळजण स्वतःच अध्यापक असतात. तास, परीक्षा, प्रवेश, मूल्यांकन समित्यांच्या भेटी हे सारे सांभाळून उरलेल्या वेळात प्रबंध लिहावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली. पैसे मोजून छापल्या जाणाऱ्या निकृष्ट नियतकालिकांचा सुळसुळाट त्यामुळे कमी होईल, ही अपेक्षा रास्त आहे. पण सक्ती गेली म्हणून क्षेत्रकार्य आपोआप वाढत नाही.

पदवीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प पाहिले तर काळी माती अगदीच दुर्लक्षित आहे, असे म्हणता येणार नाही. उलट ‘काळ्या मातीचे राखेच्या साह्याने स्थिरीकरण’ हा प्रकल्प पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. अकोला जिल्ह्यात पारसचे आणि अमरावतीजवळ नांदगावपेठचे औष्णिक वीज केंद्र असल्याने राखेची वाण नाही. अडचण अशी की पोतेभर माती आणायची, पाच-दहा-पंधरा टक्के राख मिसळायची, सीबीआर काढायचा, आलेख जोडायचा आणि अहवाल बांधायचा, येथेच प्रकल्प संपतो. तीच मिश्रित माती एखाद्या पांदण रस्त्याच्या शंभर मीटर तुकड्यात टाकून तीन पावसाळे तिचे काय होते, हे पाहणे कुणाच्याच वेळापत्रकात बसत नाही. आदल्या वर्षीच्या तुकडीने काय मोजले, हेही पुढच्या तुकडीला बहुधा ठाऊक नसते.

खारपाणपट्ट्याचे गणित

याहून गंभीर बाब पूर्णेच्या खोऱ्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात जवळपास नऊशे गावे येतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव या तालुक्यांतील विहिरींचे खारे पाणी ही पिढ्यान्‌पिढ्यांची व्यथा. तिची चर्चा होते ती पिण्याच्या पाण्याच्या आणि सिंचनाच्या अंगाने. बांधकामाच्या अंगाने ती क्वचितच होते. लोखंडी सळया असलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक ४५६ सांगते. सळया नसलेल्या काँक्रीटला २००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. खारपाणपट्ट्यात घरकुल असो की शाळेची खोली, काँक्रीट कालवायला आणि त्यावर पाणी मारायला जवळच्या बोअरचेच पाणी घेण्याचा मोह होतो, कारण गोडे पाणी टँकरने आणायचे तर खर्च वाढतो. क्लोराइडमुळे सळई गंजते, फुगते आणि छताचे पापुद्रे खाली पडू लागतात. एका गावातील वीस-पंचवीस छपरांची पाहणी, विहिरीच्या पाण्याचे पृथक्करण आणि बांधकामाचे साल एवढी माहिती जुळवली तरी पदव्युत्तर प्रबंधाचा उत्तम विषय होईल. त्याला परदेशी यंत्रसामग्री लागत नाही.

जागतिक बँकेच्या साह्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाणपट्ट्यातील सुमारे एक हजार गावांचा समावेश करण्यात आला. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारे प्रारूप त्यासाठी तयार केले ते पवईच्या आयआयटीने. ते काम उत्तम झाले, याविषयी वाद नाही. राज्य शासनानेही आयआयटीच्या पुढाकाराने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान आखून स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जिल्ह्याच्या प्रश्नांवर काम करावे, अशी दिशा दिली होती. दिशा योग्य होती. परंतु पूर्णेच्या खोऱ्याचे गणित मांडायला पाचशे-सहाशे किलोमीटरवरची संस्था लागावी आणि खोऱ्यातील महाविद्यालयांनी त्यात फार तर नमुने पुरविणाऱ्याची भूमिका घ्यावी, हे भूषणावह नाही.

ही भूमिका बदलण्याची वेळ आताच आहे, कारण पुढची कामे मोठी आहेत. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाचा सव्वाचारशे किलोमीटरचा कालवा नागपूरपासून अमरावती, अकोल्यामार्गे बुलडाण्यापर्यंत आखला गेला आहे. काळ्या मातीतून कालवा नेणे हे स्थापत्यशास्त्रातील अवघड काम मानले जाते. माती फुगली की काँक्रीटचे अस्तर उखडते, गळती सुरू होते, गळतीने माती आणखी फुगते. कर्नाटकातील मलप्रभा कालव्यावर हा अनुभव आला, तेव्हा आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी अस्तराखाली न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे मीटरभर जाडीचा थर देण्याचा उपाय सिद्ध केला. तो पुढे भारतीय मानकांतही आला. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने याच मातीसाठी तळाशी फुगीर कंद असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. दोन्ही शोधांच्या मुळाशी वर्षानुवर्षे जागेवर जाऊन केलेली मोजमापे होती.

पूर्णेवरील गांधीग्रामचा ब्रिटिशकालीन पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक झाल्याने वाहतुकीसाठी बंद करावा लागला आणि अकोला-अकोट मार्गावरील जनतेचे अतोनात हाल झाले. पूर्णेचा गाळ शेकडो मीटर खोल आहे. अशा नदीतील पुलाच्या पायाभोवतीची झीज दर पावसाळ्यानंतर मोजण्याचे काम जिल्ह्यातील महाविद्यालयाकडे सोपविणे अशक्य नव्हते. काँक्रीटचे ठोकळे तपासून देणे, इमारतींचे संरचनात्मक परीक्षण करणे ही शुल्क घेऊन केली जाणारी कामे शासकीय महाविद्यालये करतातच. पण ती कामे दाखल्यापुरती असतात. महामार्ग, समृद्धी, पूर्णेवरील बॅरेज यांच्यासाठी घेतलेल्या शेकडो बोअरच्या नोंदी सल्लागार आणि कंत्राटदारांच्या फायलींत पडून राहतात. त्या एका ठिकाणी जमा झाल्या तर वऱ्हाडाच्या मातीचा नकाशा जवळजवळ फुकटात तयार होईल. देयक अदा करण्यापूर्वी बोअरच्या नोंदीची एक प्रत शासकीय महाविद्यालयाकडे जमा करण्याची अट निविदेत घालणे, एवढाच त्याचा खर्च.

विद्यार्थ्यांपुढची व्यावहारिक अडचण वेगळीच आहे. पदवी हाती पडली की गुणवान मुलगा पुण्याची वाट धरतो किंवा अभ्यासिकेत बसतो. २०२३ मध्ये सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदांनी भरती काढली तेव्हा अभ्यासिका ओसंडून वाहत होत्या. मृद व जलसंधारण विभागाच्या ६७० पदांची परीक्षा २०२४ मध्ये अमरावतीच्याच केंद्रावरील गैरप्रकार उघडकीस आल्यानंतर रद्द झाली आणि ती नव्याने घ्यावी लागली. वर्षे अशी निघून जात असताना संशोधनाकडे वळण्याचा सल्ला मुलांना देणे धाडसाचेच ठरते.

शैक्षणिक दिनदर्शिकाही या मातीच्या विरोधात आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सुरू होतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, पहिल्या पावसाने भेगा मिटल्यानंतर. माती किती आकसली आणि किती फुगली हे पाहायचे तर एक उन्हाळा आणि त्यामागोमागचा पावसाळा सलग मोजावा लागतो. भेगा सर्वांत रुंद असतात त्या मे महिन्यात, आणि तेव्हा महाविद्यालयांत परीक्षा सुरू असते.