मल्लखांबाला नाव देणारी पोरं दिवाळीपर्यंत का गळतात?

शेणवा (ता. शहापूर) : जूनमध्ये शाळा उघडली की मल्लखांब, जिम्नॅस्टिक्सला नाव द्यायला पोरांची झुंबड उडते. मग भातलावणी येते, गणपती येतात, सहामाही परीक्षा होते आणि बहुतेक ठिकाणी दिवाळीनंतर मैदानावर मोजकीच पोरं उरतात. यावर मोठ्यांचं उत्तर ठरलेलं, “आताच्या पोरांना चिकाटी नाही, मोबाईल पाहिजे.”

आम्हाला हे पटत नाही. मोबाईलचा दोष थोडा असेल, पण सराव कसा घेतला जातो हेही बघायला हवं.

साधा हिशोब करा. एक खांब आणि 25 मुलं. प्रत्येकाला अर्धा मिनिट दिला तरी पाळी साडेबारा मिनिटांनी येते. तासाभरात फार तर पाच पाळ्या, म्हणजे खांबावर जेमतेम अडीच मिनिटं. बाकीचा तास पोर मातीत बसून दुसऱ्याचं बघतं. रेशनच्या रांगेत तरी आपण रोज एवढं थांबू का? त्यात स्पर्धेला जाणाऱ्या तयार मुलांना जास्त वेळ मिळतो. नवीन पोर गळतं ते इथंच.

पाच-पाचचे गट करा. एक खांबावर, दुसरा कोलांट्या मारायला, तिसरा कमान टाकायला, चौथा भिंतीला पाय लावून हातांवर उभा राहायला, पाचवा दोरीच्या उड्यांना. बारा मिनिटांनी गट बदला. खांबावरचा वेळ जवळपास तेवढाच राहतो, पण कोणी बसून राहत नाही. सरांनी खांबाजवळ थांबावं, बाकी गटांवर एकेक मोठं पोर नेमावं. कोलांट्यांसाठी पेंढा भरलेल्या गोणी चालतात. उंचावरून उडी मारायची असेल तर मात्र चांगली गादीच हवी, तिथे जुगाड नको.

दुसरं कारण भीतीचं. डोकं खाली, पाय वर, हाताला एरंडेल तेलाचा खांब. सात वर्षांचं पोर घाबरणारच. तेव्हा कोणी हसलं की संपलं. आपल्याकडे ‘घाबरट’ हे नाव एकदा पडलं की लग्नापर्यंत सुटत नाही. वर चढवण्याआधी खाली सुखरूप कसं उतरायचं ते शिकवा, कमरेला हात द्या, आज नाही जमलं तर उद्या. दादरच्या शिवाजी पार्कवरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला. त्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. न दिसणारी मुलं चढतात, तर आपली का नाही चढणार?

पालक विचारतात, “मेडल कधी?” दहावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण तिसरीतल्या पोराला दहावी सात वर्षं लांब. त्याला या आठवड्याचं काहीतरी पाहिजे. मागच्या सोमवारी अढी घालून पाच आकडे टिकला, आज आठ. हे शाळेच्या भिंतीवर त्याच्या नावापुढे लिहा. शेजारच्या पोराशी तुलना नको, त्याचीच त्याच्याशी. 15 ऑगस्टच्या प्रात्यक्षिकात दरवर्षी तीच चार पोरं पुढे असतात. नवीन मुलांनाही सलामी आणि एक साधी अढी करू द्या.

त्रिपुराच्या दीपा कर्माकरनं सुरुवातीला जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांपासून बनवलेल्या साधनावर सराव केला आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टला चौथी आली. कांस्यपदक 0.150 गुणांनी हुकलं. साधनं कमी होती, पण प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी वर्षानुवर्षं सोबत राहिले. आपल्याकडे सरांची बदली झाली की खांब वाळत पडतो.

आणि सगळ्यात साधी अडचण एसटीची. शाळा सुटल्यावर सराव ठेवला तर पाड्यावरच्या पोराची गाडी चुकते, मुलींना तर घरचे थांबूच देत नाहीत. शिवाय दुपारच्या खिचडीवर संध्याकाळी पाचला कोण उलट्या उड्या मारणार? जिथे जमेल तिथे प्रार्थनेआधी सकाळी तास घ्या, नंतर मूठभर शेंगदाणे-गूळ द्या. तेवढा खर्च गावाला जड नाही.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेला जाल तेव्हा एवढंच विचारा : जूनमध्ये किती पोरांनी नावं दिली होती, आज किती येतात, आणि जी येत नाहीत त्यांच्या घरी कोणी जाऊन आलं का?