भोंगा मोठ्यांसाठीही

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठरवलं : संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. कोरोनातल्या ऑनलाइन शाळेमुळे मुलांच्या हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून हा ठराव. पण त्यातली खरी मोलाची गोष्ट अशी, की तो भोंगा घरातल्या मोठ्यांनाही लागू होता. पोरांच्या कार्टूनबरोबर मोठ्यांच्या मालिकाही थांबल्या.

लहान मुलांच्या स्क्रीनविषयी बोलताना आपण नेमकं हेच विसरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय, की दोन वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना फार तर तासभर. आपले बालरोगतज्ज्ञही दोन वर्षांपर्यंत नकोच म्हणतात. हे बहुतेक आयांना ठाऊक असतं. तरीही दीड वर्षाच्या बाळापुढे जेवताना फोन उभा केला जातो, कारण वरणभाताचे चार घास पोटात जायला हवेत, गॅसवर भाजी आहे आणि घरात मूल घ्यायला दुसरं कुणी नाही. खाली अंगण होतं तिथे आता गाड्या लागतात. एका खोलीच्या घरात तर टीव्ही कुणासाठीही लावलेला असो, मूल त्याच्यासमोरच असतं.

अशा आईला बेजबाबदार ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. पालक स्वतः जितका जास्त वेळ स्क्रीनपुढे, तितका मुलांचाही जास्त, हे देशोदेशींच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि पालक म्हणजे एकटी आई नव्हे. कामावरून येऊन सोफ्यावर फोन उघडणारा बाप त्या हिशेबात कधी धरलाच जात नाही. मूल मात्र त्याच्याकडेच बघत असतं. बोलायला शिकण्याच्या वयात त्याला उत्तर देणारा चेहरा लागतो, आणि समोरचा चेहरा फोनमध्ये वाकलेला असतो.

म्हणून विनंती आहे ती घरातल्या पुरुषांना. आज पोळ्या होईपर्यंतचा अर्धा तास मुलाला कडेवर घेऊन खाली उतरा. फोन घरीच ठेवा.