गव्हाणीतील आशा

तीर्थक्षेत्री राहणाऱ्या माणसास ‘जागा नाही’ हे दोन शब्द चांगलेच परिचयाचे असतात. यात्रेच्या दिवसांत धर्मशाळा भरतात, ओसऱ्या भरतात. मग कोणी सहृदय गृहस्थ गोठ्याचा कोपरा झाडून एखाद्या दमल्याभागल्या कुटुंबास देतो. नाताळची मूळ कथा याच दोन शब्दांभोवती फिरते.

रोमन सम्राट ऑगस्टसच्या आज्ञेने खानेसुमारी चालू होती. नाव नोंदविण्यासाठी योसेफ गरोदर मरियेस घेऊन नासरेथहून बेथलेहेमास आला. उतारशाळेत जागा मिळाली नाही. बाळ जन्मले, ते बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवावे लागले, असे लूककृत शुभवर्तमान सांगते. ही वार्ता प्रथम कळली ती राजवाड्यास नव्हे, रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांस.

भाविक वाचकांना येथे मथुरेचे कारागृह आणि गोकुळचे गोप आठवतील. दोन्ही कथा एकच, असे मी म्हणणार नाही. प्रत्येकीचे तत्त्वज्ञान स्वतंत्र आहे. परंतु नाताळ म्हणजे केवळ रोषणाई आणि मेजवानी, हा आपला समज मात्र अपुरा आहे.

या बालकास मत्तयकृत शुभवर्तमानात ‘इम्मानुएल’ म्हटले आहे. या हिब्रू नावाचा अर्थ ‘देव आम्हांसंगे’. ‘माझ्यासंगे’ नव्हे, ‘आम्हांसंगे’! आपल्या गायत्री मंत्रातही याचना एकट्याच्या बुद्धीसाठी नसून ‘आमच्या’ बुद्धीसाठी आहे. हे बहुवचन ज्यास उमगले, त्यास सण उमगला.

आणि आशा? त्या रात्री जगाचे दुःख संपले नाही. रोमचे राज्य राहिले, हेरोद राजा सिंहासनावर राहिला. बालकास घेऊन मातापित्यांना रातोरात मिसर देशी पळावे लागले. संकट टळले म्हणून ख्रिस्ती भाविक आशा धरीत नाही. संकटात देव वाटेकरी झाला, म्हणून धरतो.

ही कथा मराठीस परकी नाही. फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले आणि ते १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. १८९५ साली कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या त्या हिंदू राहूनच. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. त्या मधल्या काळात एका छपराखाली दोन श्रद्धा नांदल्या. १९१९ साली टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते; ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. छपराखाली जागा होते, ती आधी अंतःकरणात झालेली असते.

शेजारधर्मास श्रद्धांतर लागत नाही. आपला देव्हारा उजळलेला असावा, सायंकाळची आरती नित्याप्रमाणे व्हावी, आणि पंचवीस डिसेंबरला ख्रिस्ती शेजाऱ्याचे दारही आपण ठोठवावे. तो करंज्यांचे ताट पुढे करील, ते आनंदाने घ्यावे. आणि त्या दिवशी आपल्या दारी कोणी निराश्रित उभा राहिलाच, तर ‘जागा नाही’ हे शब्द ओठांवर येण्यापूर्वी गव्हाणीतले ते बाळ एकदा स्मरावे.